चौथा माणूस आत येत नाही

५ फेब्रुवारी

भिंगरीस आजीचा आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर अजून सुधारलं नाहीस. शाई सांडून वरून मुंग्या चालत गेल्यासारखं दिसतं. मी तिसरीत शाळा सोडली तरी माझं लोकांना वाचता येतं, आणि तू म्हणे एवढी शिकलेली.

तो खेळ आपल्याकडे कसा आला, तू तेव्हा कशी होतीस, आठवतं ते सगळं लिहून पाठव म्हणतेस. तुमच्या कचेरीत प्रत्येकाने आपल्या पहिल्या खेळाची गोष्ट सांगायची आहे. खेळ बनवणाऱ्यांची कचेरी, तिथे खुर्चीत बसून खेळाच्या गोष्टी सांगायच्या, वर पगार. बरं आहे. आम्ही जन्मभर वॉर्डातली भांडी उचलली, आम्हाला कुणी गोष्ट विचारली नाही.

फोनवर सांगितलं असतं. पण घरात फोन एक, तो तुझ्या बापाच्या खिशात. तुझा नंबर लावून दे म्हटलं तर देतो लावून. मग दाराशी उभा राहून पान्याला तेल लावत बसतो, आणि तो पाना आधीच तेलात न्हालेला असतो. माझं अर्धं लक्ष तिकडे. त्यात माझा डावा कान गेलेला. त्यापेक्षा हे बरं.

तर ऐक. तुला कावीळ झाली होती. आठ वर्षांची होतीस. तुझी आई जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि मी हॉस्पिटलातली आयाची नोकरी सोडून तुमच्याकडे राहायला आले होते. अख्खा वॉर्ड परवडला असता, तू एकटी परवडत नव्हतीस. डॉक्टर म्हणाले, पडून राहायचं. पडून राहा म्हटलं की तू पलंगाखाली सापडायचीस, नाहीतर कपाटावर. डोळे पिवळेजर्द, अंगात त्राण नाही, आणि पायाला भिंगरी. नाव काही उगाच नाही पडलं.

तेव्हा तुझा बाप एका कचेरीतलं गार हवेचं मशीन दुरुस्त करायला गेला होता. त्यांनी एक जुना कॉम्प्युटर काढून ठेवला होता. नेतोस का, नाहीतर भंगारात जाईल, म्हणाले. याने पोत्यात गुंडाळून आणला. कॉम्प्रेसर येतो ते लाकडी खोकं तुझ्या पलंगाशी सरकवलं, त्यावर मांडला. म्हणाला, चित्रं काढेल. चित्रं काढायला काय झालं होतं तुला! तू दिसेल ते बटण दाबत सुटलीस. मी म्हटलं, बिघडेल. तुझा बाप म्हणाला, "बिघडू दे, आपलं दुकान कशाचं आहे?" तसा तो तेव्हा फारसा बोलत नसे, म्हणून ते वाक्य लक्षात राहिलं.

आणि एका सकाळी त्यातून टुणटुण वाजायला लागलं. बघते तर पडद्यावर एक गाव. गच्चीवरून खाली बघावं तसं दिसणारं. इवलीशी घरं, विहीर, एक म्हातारी कोंबड्या हाकतेय. तू त्या म्हातारीसमोर जाऊन उभी राहिलीस तर तिच्या डोक्यावर चौकट उगवली आणि ती बोलायला लागली. अक्षरांत. तू ओरडलीस, "आजी, ही मला काम सांगतेय!" मी म्हटलं, नशीब, कुणीतरी सांगतंय आणि तू ऐकतेयस.

त्या कचेरीत कुणीतरी तो खेळ मशीनमध्ये विसरून गेला होता. साहेबाची नजर चुकवून खेळत असेल. तो कोण, आज कुठे आहे, कुणास ठाऊक. पण त्याचं भलं होवो, असं मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते. मी सहसा कुणाचं भलं चिंतायला जात नाही, तुला माहीत आहे. पण त्या माणसाने तुला दीड महिना पलंगावर ठेवलं. डॉक्टरांना जमलं नव्हतं, मला जमलं नव्हतं.

ती भाषा आपली नव्हती. निम्मे शब्द तुला लागायचे, उरलेले संध्याकाळी तुझा बाप लावून द्यायचा. त्याला ती भाषा येते ती मशीनच्या पुस्तकांतून. त्यामुळे आपल्या खेळातला राजा सिंहासनावर बसून म्हणायचा, "उघडण्यापूर्वी वीज बंद करा." आणि गुहेतला राक्षस म्हणायचा, "गळती तपासा." तू एवढी हसायचीस की मला भीती वाटायची, यकृत फुटेल.

आणि खेळात आपली चार माणसं एकामागून एक चालायची, त्या चौघांत एक वैद्यबाई होती, तिला पुढे चालव म्हणून मी हट्ट धरला होता. वॉर्डात राउंडला नर्सबाई पुढे आणि बाकी मागे, मला एवढंच माहीत. प्रत्येक लढाईत पहिला फटका तिला. ती आडवी झाली की बाकीच्यांना मलमपट्टी करायला कुणी नाही, मग सगळेच आडवे. आठवडाभर आपण त्या पहिल्या जंगलाच्या पुढे गेलो नाही. शेवटी तू म्हणालीस, "आजी, तू जरा मागे चाल." तेवढं ऐकलं मी तुझं.

सांग कचेरीत. हसतील लोक.

जाता जाता एक विचारायचं होतं. त्या खेळात पुढे एक दगडी गुहा लागते. मोठं दार आहे. आतल्या खोलीत चार दगड, चौघं चार दगडांवर उभे राहिले की भिंत सरकते. तर तीन माणसं आत येतात, चौथा येत नाही. का? सहज विचारते. दुपारचा वेळ जात नाही.

तुझी आजी


२१ फेब्रुवारी

भिंगरीस आजीचा आशीर्वाद.

तू एवढ्या प्रश्नांची उलटतपासणी घेशील असं वाटलं असतं तर विचारलंच नसतं. "आजी, तुझी बोटं थरथरतात, सुईत दोरा मला ओवायला लावायचीस, तू कधीपासून खेळायला लागलीस? आणि तो चौथा कोण आहे?"

बरं, मी खेळत नाही. बसून बघते. बघायला बोटं लागत नाहीत.

खेळतो एक ओळखीचा माणूस. दुकानात मागच्या बाजूला येऊन बसतो. वयस्कर आहे. चष्मा लागतो. तुला त्याच्याशी काय करायचंय? दुपारी जेवणाच्या सुट्टीत दुकानाचं शटर अर्धं खाली असतं, तेव्हा खेळतो. कॉम्प्युटर आता दुकानात आहे, मोठ्या डीप फ्रीझरच्या मागे. तुझी खोली तशीच आहे, फक्त खोकं रिकामं झालंय.

खेळतो कसा ते विचार. गावात गेला की एकही घर सोडत नाही. प्रत्येकाचं दार वाजवणार, प्रत्येकाशी बोलणार, मग परत पहिल्यापासून सगळ्यांशी, काही वेगळं बोलतात का बघायला. खेळातल्या माणसांशी जेवढा बोलतो तेवढा घरी बोलला असता तर माझं पत्र लिहिणं वाचलं असतं. खोक्यांचे पुठ्ठे फाडून त्यावर गुहांचे नकाशे काढलेत, कुठून वीज येते आणि कुठे जाते तसे. आणि एक खोड. आत शिरला की दार लावून घेतो. घर असो, गुहा असो, राक्षसाची कोठी असो, शिरला की मागे दार बंद. मी म्हटलं, "अरे, मागे राक्षस लागलाय, पळ!" तर म्हणे, "दार लावून पळतो."

आता तुला पुढचं हवंय ते. हे कचेरीत सांगायचं की नाही ते तू ठरव.

चौघांना नावं द्यायची होती. तू दिलीस. पुढे तलवारवाला, तो बाबा. मग वैद्यबाई ती मी. मग चोर ती तू. चोर का विचारलं तर म्हणालीस, चोराला सगळी कुलपं उघडता येतात. आणि सगळ्यात मागे जादूवाली. तिचं नाव ठेवलंस आई. ही चार नावं त्या परक्या अक्षरांत कशी दिसतात ते तू मला बोट धरून शिकवलंस. तेवढी चार मी आजही ओळखते, पाचवं नाव आलं तर मला नुसते काळे डागच.

त्या जादूवालीला तू लढू देत नसस. तिच्याकडे म्हणे विजा पाडायची विद्या होती, पण नाही. ती मागे उभी राहणार, बाकीचे तिघं मार खाणार. मग एका संध्याकाळी लांडगे मागून आले. मागे तीच. एका फटक्यात गेली. तिच्या जागी छोटा राखाडी दगड उभा राहिला, आणि चौकटीत तिचं नाव, पुढे एक शब्द. तुझा बाप नेमका तेव्हा दारात येऊन उभा, हातात कुणाच्या तरी फ्रीजचं बटण. त्याला मशीनच्या पुस्तकातून बाकी काही कळो न कळो, जीव जाण्याचा शब्द बरोबर कळतो. विजेच्या धोक्याच्या पाटीवर कवटीच्या खाली तोच लिहिलेला असतो.

मी म्हटलं, झालं. आता ही रडणार आणि ताप चढणार.

तू रडली नाहीस. तिघांना घेऊन जंगलातून सगळी वाट मागे चालत आलीस. गावातल्या वैद्याच्या घरात गेलीस, होतं नव्हतं ते सगळं त्याला दिलंस, आणि ती उठून उभी राहिली. मग मान वर न करता म्हणालीस, "बाबा, इथे उठवतात."

त्याने हातातलं बटण खिशात घातलं. मग स्टूल ओढून तुझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "पुढे कुठे जायचंय?"

तुझी आई गेल्यापासून त्या घरात त्याने आपणहून कुणाला विचारलेला तो पहिला प्रश्न. तोपर्यंत यायचा, जेवायचा, भिंतीकडे तोंड करून झोपायचा. माझा मुलगा आहे म्हणून सांगते, माझ्याने तेव्हा त्याला हलवणं झालं नव्हतं.

मेलेली माणसं उठतात हे मला त्या खेळाचं आवडलं नाही. अजून आवडत नाही. खोटं ते खोटंच, वॉर्डात मी कुणाला उठताना पाहिलं नाही. पण त्या संध्याकाळपासून आपल्या घरात बोलणं सुरू झालं. रोज साडेसातला दुकान बंद करून तो स्टुलावर हजर. मी स्वयंपाकघरातून ओरडायची, पानं वाढलीत; तुम्ही दोघं एका सुरात ओरडायचात, थांब, राक्षस मारतोय. जेवण गार झालं म्हणून मी शिव्या घातल्या असतील तुम्हाला, पण मनातून मी त्या राक्षसाचे आभार मानत होते. हे कुणाला सांगितलं नव्हतं, आता लिहिलं.

गुहेचं उत्तर दिलं नाहीस. तो माणूस अजून तिथेच बसलाय.

तुझी आजी


१० मार्च

भिंगरीस आशीर्वाद.

हो. तुझा बाप. बस?

"दार लावून पळतो" वाचल्यावर कळलंच होतं म्हणतेस. मला वाटलंच होतं तुला कळेल. मी काय दुधखुळी आहे न कळण्यासारखं लिहायला?

एवढं रागावून लिहिलंस. "त्यांना स्वतः विचारायला काय होतं? दोन वर्षांत माझी आठवण झाली नाही, आता गुहेत अडकल्यावर झाली?" आणि खाली, कडेला, आडवं करून, बारीक अक्षरात उत्तर लिहिलंस. रागावलीस पण उत्तर लिहिलंस. बापाचीच मुलगी. तोही गिऱ्हाइकाला आधी झापतो आणि मग फ्रीज फुकट बघून देतो.

आता माझं ऐक. भांडण मी समोर बसून ऐकलंय, त्यामुळे मला कुणी शिकवू नका. तू नोकरीचं सांगितलंस. तो म्हणाला, "खेळणी करून कुणाचं पोट भरलंय?" बाप आहे, घाबरला, घाबरल्यावर माणूस असंच वेड्यासारखं बोलतो. तू म्हणालीस, "लोकांची थंड कपाटं ठोकत बसण्यापेक्षा बरं." तेही बेकरीवाल्या बाईसमोर. ती फ्रीज घेऊन आली होती, आणि ती हसली. ती हसली नसती तर रात्रीपर्यंत सगळं निवळलं असतं. तिच्या हसण्यावर तो म्हणाला, "मग नको येऊस इथे," आणि तू गेलीस. कोण चुकलं मला विचारू नका. दोघांच्या तोंडाला लगाम नाही, आणि ते तोंड कुणाकडून आलंय तेही मला माहीत आहे.

तू गेल्यावर भंगारवाला आला होता. तुझा बाप म्हणाला, कॉम्प्युटर ने. मग म्हणाला, थांब, देताना साफ करून द्यावा. उघडला, धूळ काढली, ब्रश फिरवला. मग म्हणाला, चालतो का बघू. चालला. मग भंगारवाल्याला म्हणाला, "चालती वस्तू भंगारात देत नाहीत. जा." तो बिचारा हातगाडी घेऊन अर्धा तास उन्हात उभा होता. त्या दिवसापासून हे सुरू.

तुझा जुना डाव त्यात आहे. त्याला हात लावलेला नाही. त्याने आपला वेगळा पहिल्यापासून सुरू केला. त्यातही चौघं लागतात. तू विचारलंस ना, चौथा कोण?

सांगते. मला वाचता येतं तेवढीच चार नावं आहेत. सगळ्यात पुढे तलवार घेऊन तू. तुझ्या मागे मी, वैद्यबाई, मला विचारलंही नाही. माझ्या मागे तुझी आई. तिला तो लढू देतो, विजा पाडते ती, गावंच्या गावं उजळतात. आणि सगळ्यात मागे तो. स्वतःला चोर केलंय. का विचारलं तर म्हणे, कुलपं उघडायला कुणीतरी लागतं.

म्हणजे गुहेच्या दारातून आधी तू आत जातेस, मग मी, मग तुझी आई. आणि त्याची पाळी यायच्या आत तो बटण दाबून दार लावून घेतो. सवयीने. आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आलाय ना, दार लावा, गारवा जातो. बाकीच्या गुहांत मागे राहिलेला बाहेर आल्यावर पुन्हा सापडतो, त्यामुळे चालून गेलं. इथे चार दगड आहेत. तर महिना झाला, आपण तिघी आत उभ्या आणि हा बाहेर. आणि म्हणतो कसा, "आई, यात काहीतरी बिघाड आहे. हा चौथा येतच नाही."

मी हसले नाही. मोठ्या कष्टाने.

तुझ्या पत्रातली शेवटची ओळ मी दोनदा वाचली. एप्रिलच्या शेवटी समुद्रापलीकडे चाललीस, तीन वर्षं येणार नाहीस. कामाचं आहे, जा. मी अडवणारी नाही, मला अडवलं असतं तर मीही कुणाचं ऐकलं नसतं. पण आता दोन वर्षं झाली, त्यावर तीन. माझं वय तू मोज, मी मोजत नाही. त्याला मी अजून सांगितलेलं नाही. तू सांगावंस असं वाटतं. तू सांगणार नाहीस हेही कळतं.

तर बघते काय करायचं ते.

तुझी आजी


२६ मार्च

भिंगरीस आशीर्वाद.

फोनवर काय बोललात ते तुला माहीत आहे. पण या बाजूला काय चाललं होतं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

आधी गुहा. मी त्याला म्हटलं, "दार उघडं ठेवून बघ."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"दार कळतं. साठ वर्षं उघडते आणि लावते."

"दार उघडं टाकून कुणी आत जातं का? काय पद्धत आहे!"

"अरे, फ्रीज नाही तो, गुहा आहे. ती गारच असते."

नाही म्हणजे नाही. दोन दिवस घोळत राहिला. असा खेळ कुठल्या शहाण्याने बनवला म्हणून त्या न पाहिलेल्या माणसाचा उद्धार केला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी खुर्चीत डोळे मिटून बसले होते. त्याला वाटलं, झोपले. मी एका डोळ्याने बघत होते. दारातून तू गेलीस, मी गेले, तुझी आई गेली. त्याचा अंगठा बटणावर. तसाच. दाबला नाही. हात असा आखडला होता जसा करंट बसतोय. आणि मागून तो चोर टुकूटुकू चालत आत आला.

चौघं चार दगडांवर उभे राहिले. भिंत सरकली.

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाला, "बेअक्कल मशीन." मग माझ्याकडे न बघता, "पत्र कधी आलं?"

मी डोळे उघडले. म्हटलं, आलं. उत्तर तिचंच आहे. आणि एप्रिलच्या शेवटी ती समुद्रापलीकडे चाललीय, तीन वर्षांसाठी. गोड करून सांगायला मला येत नाही.

"हं," म्हणाला. उठला आणि डीप फ्रीझरच्या दाराचं रबर काढून नवं बसवायला लागला. ते रबर मागच्याच महिन्यात बसवलेलं. माणसाला हाताला काम लागतं.

पुढे त्या खेळात नदी लागते. नावाडी आहे, तो होडीत घेत नाही. दिव्याला तेल नाही म्हणतो. गुरुवारी दुपारी याने गिरणीतलं पोतं हलवून तेल शोधून काढलं. "सापडलं!" म्हणून असा ओरडला की बाहेर उभं असलेलं गिऱ्हाईक आपला पंखा टाकून मागे सरलं. पलीकडे गेले चौघं, होडीतून. मी बघितलंय. गुरुवार होता.

आणि रविवारी तुला त्याने फोन केला.

मी तिथेच बसले होते. चांगला कान तिकडे करून. आधी नंबर दाबला, पुसला. दाबला, पुसला. मग लावला. तू "हॅलो" म्हणाली असशील. हा खाकरला. आणि दोन वर्षांनी मुलीशी पहिलं काय बोलावं? "तो नावाडी काही नेत नाही."

कसा आहे हा माणूस! पार जाऊन तीन दिवस झाले होते त्याला.

तू सांगत होतीस, हा ऐकत होता. "गिरणीत? पोत्याखाली? असं होय! मला सुचलंच नसतं." अगं, गॅस कुठून गळतोय हे आजवर याने कुणाला सांगू दिलं नाही. कंपनीचा माणूस आला तरी त्याला गप्प बसवतो. आणि तुला म्हणतोय, सुचलंच नसतं. मग तू आणखी काय सांगत होतीस, त्या नदीपलीकडचं, तू लहानपणी तिथे किती दिवस अडकली होतीस ते. तो मान डोलवतोय. फोनवर मान डोलवून तुला काय दिसणार?

मधेच बेकरीवाली बाई आली. तिला काहीतरी विचारायचं होतं. याने हात वर केला. "थांबा जरा. मुलीचा फोन आहे." ती थांबली. चांगली ताटकळत ठेवली तिला. मला बरं वाटलं, लपवत नाही.

फोन ठेवताना तू काय म्हणालीस ते मला ऐकू आलं नाही. त्याचे कान लाल झाले, एवढं दिसलं. तो काय म्हणाला ते ऐकू आलं. "मीही नको ते बोललो होतो." पुटपुटला, पण बोलला. म्हणजे तूही तसंच काहीतरी म्हणाली असशील. चांगलं केलंस. मी विचारणार नाही.

गुरुवारचं तुला कळावं म्हणून लिहिलं. तुला कळलंय हे त्याला कळू देऊ नकोस.

तुझी आजी


१२ एप्रिल

भिंगरीस आशीर्वाद.

एवढे फोन करत जाऊ नका, दुकान बसेल. गंमत केली. करा.

रोज काहीतरी अडचण काढतो. पुलावरचा पहारेकरी सोडत नाही, विहिरीतला आवाज काय म्हणतो कळत नाही. मी बघते ना, सगळ्यातून पार होऊन मग तुला फोन लावतो. तू तासभर समजावतेस. तुझ्या शिकवण्यात दम आहे, एवढं मला कळतं, कारण दुसऱ्यांदा ऐकतानाही तो मन लावून ऐकतो. तुझ्या कचेरीत माझी राजाची गोष्ट ऐकून लोक टेबलावर हात आपटून हसले म्हणालीस. हसू देत. त्यांना माझ्याकडून सांग, लहान मुलं आजारी पडून घरात असतात, त्यांच्यासाठी नीट बनवा. कुठल्या घरात काय चाललेलं असतं आणि तुमचं गाव कुणाच्या उपयोगाला येतं ते तुम्हाला बसल्या जागी कळत नाही. माझ्याकडून ज्याचे आभार राहिलेत तो माणूस मला सापडणार नाही, तर ते तुम्ही घ्या. उगाच माझ्याकडे पडून कशाला राहायचे?

काल मात्र तुझा बाप पंचाइतीत पडला होता. जेवताना म्हणाला, "आई, पुढचं गाव फारच सोपं आहे. लहान पोरही पार करेल. आता काय विचारू तिला?"

मी म्हटलं, "मेल्या, निघणार कधी ते विचार. कुठून, किती वाजता."

त्याने तुला विचारलं, आणि तू सांगितलंस. पुठ्ठ्यावर लिहून घेतलं, मी बघितलं. मग तो पुठ्ठा नकाशांच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवला. आणि आज दुकानाच्या शटरवर खडूने लिहिलंय, त्या दिवशी दुकान बंद. तुझी आई गेली तेव्हा बंद ठेवलं होतं, त्यानंतर आत्ताच.

तुला तो काही सांगणार नाही. मला त्याने सांगितलं, "एक पार्ट आणायला जायचंय तिकडे, शहरात. योगायोगाने तोच दिवस आहे." मी म्हटलं, हो का. मीही येते मग, पार्ट बघायला.

तर त्या दिवशी विमानतळाच्या दारात सामान उतरवून वळलीस की आम्ही दोघं तिथे असू. त्याच्या हातात रिकामी पिशवी असेल, पार्टसाठी आणलेली. तो म्हणेल, जाता जाता डोकावलो. मिळाला का पार्ट, असं काही विचारून त्याला अडचणीत टाकू नकोस.

तो पार्ट आपल्या इथे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो.

तुझी आजी